बोरी : पेठेतील दिनचर्या आणि आरोग्य

परभणीहून जिंतूरकडे जाणारा रस्ता झरीच्या पुढे गेला की दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीचे पट्टे पसरलेले दिसतात आणि पुढे बोरीची वस्ती लागते. जिंतूर तालुक्यातील हे गाव आसपासच्या खेड्यांचे खरेदीचे ठिकाण आहे. शेतकरी येथे किराणा, कापड, बियाणे, खते यांसाठी येतो, आणि कापूस, सोयाबीन, तूर यांचा हंगाम जसा जाईल तशी पेठेची उलाढाल कमी-जास्त होते. अशा पेठेत व्यापारी कुटुंबाचा दिवस सकाळी दुकानाचे दार उघडल्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत चालतो. आरोग्याचा प्रश्न याच दिवसात दडलेला आहे.

दोन पिढ्यांपूर्वीचा व्यापारी आठवडी बाजारांना बैलगाडीने किंवा पायी जात असे. माल उतरवणे, मोजणे, रचणे यांत त्याचाही हात असे. घरातील स्त्रिया पाणी शेंदत, दळण दळत, पाटावर बसून वाढत. आज पोती हमाल उचलतो, घर ते दुकान हे चार पावलांचे अंतर दुचाकीवर पार होते, आणि गादीची जागा खुर्चीने घेतली आहे. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट. मात्र शरीराला मिळणारी हालचालही त्यांच्याबरोबर गेली, आणि ताटातील अन्न मात्र कष्टाच्या काळातलेच राहिले.

बैठ्या कामाचा परिणाम काय होतो, याची एक जुनी साक्ष लंडनमधील आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाला शेकडो पायऱ्या चढे-उतरे. गाडी एकच, पण हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले. दुकानात बसणारा मालक आणि दुकानात फिरणारा नोकर यांच्याकडे पाहताना हा अभ्यास आठवावा असा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये ३५.५ टक्के आढळले. हे आजार आता फक्त शहरांचे राहिलेले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भराभर चालले की हा हिशेब पूर्ण होतो. बोरीसारख्या गावात त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. वैशाखात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ साधावी. हिवाळ्यात कोवळ्या उन्हात शिवाररस्ता धरावा. मंदिरात दर्शनाला पायी जावे, आणि ग्राहक नसताना दर तासाला दोन-चार मिनिटे उभे राहून दुकानात फेरी मारावी. जिंतूरजवळ नेमगिरीचे अतिशय क्षेत्र आहे. तेथील गुंफा-मंदिरांची दारे इतकी ठेंगणी आहेत की आत जाताना कंबर आणि गुडघे पूर्ण वाकवावे लागतात. भगवान नेमिनाथांच्या दर्शनासाठी साठीतला माणूस आधाराशिवाय वाकू आणि उठू शकला, तर त्याच्या शरीराची एक परीक्षा तेथेच होऊन जाते. जमिनीवर बसून जेवणे, सामायिकासाठी बैठक घालणे, पंचांग प्रणाम करणे या सवयींनी हीच क्षमता टिकते.

चालण्यानंतर ताटाचा विचार येतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचे मूळ धान्य ज्वारी. सोयाबीन आणि कापसाने तिची शेते व्यापली, आणि घराघरांत गव्हाच्या पोळीने भाकरीची जागा घेतली. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. तेथे ज्वारीवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. विद्यापीठाने हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हा वाण विकसित करून २०१८ मध्ये प्रसारित केला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते; या वाणात ते अनुक्रमे ४५ आणि ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. अनेक जैन घरांत चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतात. त्या महिन्यांत स्त्रियांना आणि वाढत्या मुलींना लोह मिळण्यासाठी ज्वारीची भाकरी आणि मूग, मटकी, तूर, हरभरा यांचा मोठा आधार आहे. जेवणाबरोबर लिंबू घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते.

चहाचा विषय पेठेत टाळता येत नाही. आलेल्या प्रत्येक व्यवहारी माणसाबरोबर अर्धा कप घेणे हा शिष्टाचारच आहे. एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसात सहा कपांबरोबर ६० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत राहावे आणि २५ ग्रॅमपर्यंत उतरल्यास अधिक उत्तम. मिठाईचा तुकडाही न खाता ही मर्यादा ओलांडली जाते. मिठाचेही तसेच आहे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असा सल्ला आहे. पापड, लोणचे, शेव आणि फरसाण यांनी तो सहज मोडतो. आलेल्या पाहुण्याला चहा द्यावा, स्वतः मात्र दोनदाच घ्यावा, हा साधा नियम पेठेत पाळता येण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. सूर्यास्तापूर्वी भोजन हा श्रावकाचा आचार आहे. त्याचा हेतू अहिंसा आणि संयम. आरोग्य हे त्याचे आनुषंगिक फळ. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांवर एक लहान प्रयोग झाला. दिवसाचे सर्व अन्न सहा तासांत आणि दुपारी तीनच्या आत घेतल्यावर, वजन न घटताही इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला आणि रक्तदाब उतरला. आठ माणसांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, तरी लवकर जेवण्याची दिशा योग्य असल्याचे त्यावरून दिसते.

अडचण व्यवहाराची आहे. बोरीच्या परिसरात मार्गशीर्षात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, ज्येष्ठात सात वाजून गेल्यावर. हिवाळ्यात नेमकी तीच वेळ शेतकऱ्याच्या खरेदीची. म्हणूनच पुष्कळ तरुणांचा हा नियम पर्युषणापुरता उरतो. यावर उपाय घरानेच काढावा लागतो. साडेपाचला एकाने दुकान सांभाळावे, दुसऱ्याने वीस मिनिटांत घरी जेवून यावे. ते जमत नसेल तर डबा दुकानात यावा. आई-वडील, मुले, सुना सर्वांनी मिळून वेळ ठरवली तरच ती टिकते. एकट्या गृहिणीवर दोनदा स्वयंपाकाचा भार टाकून पाळलेला नियम तिच्या आरोग्याची किंमत घेतो.

वेळ पाळूनही प्रमाण चुकू शकते. दुपारभर फरसाण खाऊन किंवा उपवासाच्या पारण्याला तळण आणि मिठाई भरपूर घेऊन लाभ हाती लागत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत उपवासानंतर लगेच अवमौदर्य येते, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे. हे तप रोज, प्रत्येक जेवणाला आणि कोणत्याही वयात करता येते. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपवास किंवा जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण साखर एकदम उतरल्यास जिवावर बेतू शकते. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घेणे हाही याच शिस्तीचा भाग आहे.

पेठेतील व्यापारी रोज गल्ला मिळवल्याशिवाय झोपत नाही. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आज किती चाललो, किती चहा झाले, जेवण किती वाजता झाले, या तीन नोंदी ठेवल्या, तर महिनाअखेरीस कोणत्या खात्यात तूट आहे, ते त्याचे त्यालाच कळेल.