एका टीव्हीचे घर

चेंबूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्ही एकच. सायंकाळची जपमाळ आटोपली की त्यावर आमच्या मातोश्रींची मालिका सुरू होते, आणि त्या वेळेत ढवळाढवळ करण्याचे धैर्य घरात कोणालाही नाही. अशा घरी व्हिडिओ गेमचे यंत्र आणणे म्हणजे रोजच्या कलहाला आमंत्रण, असेच आम्ही उभयता मानीत आलो होतो.

निन्टेंडोचे 'स्विच' 3 मार्च 2017 रोजी बाजारात आले आणि पुढे 15 कोटींहून अधिक खपले. त्याचे रहस्य आम्हांला मातोश्रींमुळेच उमगले. टीव्हीजवळच्या डॉकमध्ये यंत्र ठेवले की खेळ मोठ्या पडद्यावर दिसतो. उचलून हाती घेतले की तोच खेळ, थांबला तिथूनच, त्याच्या 6.2 इंची पडद्यावर चालू राहतो. मालिकेची वेळ झाली, मुलांनी यंत्र उचलले, तंटा मिटला! दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन सुटे होऊन एकेका भावंडाच्या हाती येतात, तेव्हा दुसऱ्यासाठी वेगळा खर्चही नाही. 2019 साली निघालेले 'लाईट' स्वस्त खरे, परंतु ते टीव्हीला जोडताच येत नाही. आम्ही नेमके त्याच्याच मोहात पडणार होतो.

तथापि जे यंत्र उचलता येते, ते घेऊन माणूस उठूनही जातो. थोरले चिरंजीव गॅलरीत जाऊन बसू लागले. जेवणाच्या हाका वाया जाऊ लागल्या. धाकटी रडवेली होऊन आईभोवती घुटमळे. फोनवरील ॲपने रोजची मर्यादा घालता येते, ती आम्ही घातली. पण एकट्याने खेळलेला तास आणि चौघांनी मिळून खेळलेला तास ॲपच्या हिशेबी सारखाच.

एका रविवारी मिस्सेहून परतताना आम्ही सहज बोललो, की ही कंपनी 1889 साली क्योतो शहरात पत्ते बनविण्यासाठी निघाली होती. मातोश्री थबकल्या. "पत्ते? मग इतके दिवस मला कोणी सांगितलं का नाही रे?"

2020 सालच्या 'क्लबहाऊस गेम्स'मध्ये 51 खेळ आहेत. पत्ते आहेत, कॅरम आहे, लुडोही आहे. त्या दुपारी थोरल्याने आजीला बटणे शिकविली आणि आजीने लुडोत त्याच्या दोन सोंगट्या निर्दयपणे मारल्या.

आता सायंकाळी यंत्र उचलण्यापूर्वी तो आजीकडे पाहतो. कधी त्या हात पुढे करतात, कधी मालिकेचा आवाज वाढवितात.