शेवटचीं पानें

परवां सकाळीं फिरून येतांना एका ओळखीच्या बाईंनीं मला वाटेंत थांबविलें. "सर, आमचा नातू यंदा सातवींत जाणार. सुट्टींत वाचायला त्याला एखादें पुस्तक सांगा. मात्र पुढें कांहीं उपयोग होईल असें सांगा हं!" मी जन्मभर मास्तरकी केलेली, 'उपयोग' हा शब्द कानीं पडतांच थोर पुरुषांच्या चरित्रांचीं नांवें तोंडून आपोआप निघालीं. दोन जाडजूड चरित्रें मीं त्यांच्या घरीं पोंचतीं केलीं. पंधरा दिवसांनीं तीं परत आलीं. वर घातलेलीं वर्तमानपत्राचीं कव्हरें अशीं कोरीं करकरीत होतीं कीं, आंतलें एक पानहि उलटलेलें नाहीं हें सांगायला साक्षीदाराची जरूर नव्हती.

मला त्या मुलाचा राग आला नाहीं. लाज वाटली ती स्वतःचीच.

आमच्या लातूरला उपयोगाचें एवढें वेड कां, हें बाहेरच्यांस सांगावयास नको. अभ्यासाच्या एका पद्धतीलाच 'लातूर पॅटर्न' असें नांव पडलें. आजूबाजूच्या जिल्ह्यांतलीं मुलें येथें खोल्या घेऊन राहतात, आणि डॉक्टर-इंजिनियर होण्याची तयारी कित्येक घरांत मिसरूड फुटण्यापूर्वींच सुरू होते. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या कितीतरी मुलांचें या परिश्रमानें भलें झालें आहे, हें मी कधींहि नाकारणार नाहीं. पण अशा घरांत पुस्तक म्हणजे एक प्रश्न आणि खालीं चार पर्याय, एवढाच समज होऊन बसतो. माझ्या वडिलांच्या लहानपणीं येथें निजामी अंमल होता. शाळेंत उर्दू माध्यम. मराठी पुस्तक मिळेल तेथून आणून घरीं वाचावें लागे. तरीहि त्या पिढीचें मराठी वाचन सुटलें नाहीं. आमच्या पिढीनें मात्र तें आपल्या हातांनीं मुलांपासून हिरावून घेतलें.

हें मी दुसऱ्यांवर ठेवीत नाहीं. १९९१ सालची गोष्ट. माझा मुलगा सातवींत होता. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आलेली. रात्रीं मीं पाहिलें, तर गणिताच्या वहीआड मित्राचें 'प्रतापगडावर फास्टर फेणे' उघडें! मीं तें ओढून घेतलें, आणि सकाळीं ज्याचें त्याला परत केलें. "बाबा, थोडींच पानें राहिलीं होतीं," एवढेंच तो म्हणाला. पुढें त्याला शिष्यवृत्ति मिळाली, आज तो नामांकित शल्यचिकित्सक आहे. आणि त्याच्या घरांत वैद्यकाखेरीज एकहि पुस्तक नाहीं.

चरित्रें परत आलीं त्या दिवशीं हें सारें आठवलें. संध्याकाळीं मी गंजगोलाईकडे गेलों, आणि या खेपेस निराळींच पुस्तकें घेऊन आलों.

पहिला मान अर्थात् भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनांत शिकतो, सायकल भरधाव हाणतो, संकट दिसलें कीं 'ट्टॉक्' करतो, आणि वाचकाला दम खाऊं देत नाहीं. ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातीं देणारेहि हेच भागवत. दुसरा फेलूदा. सत्यजित राय यांनीं १९६५ सालीं, आपल्या आजोबांनीं सुरू केलेल्या 'संदेश' मासिकांत या गुप्तहेराला जन्म दिला. अशोक जैन यांनीं त्याला मराठी बोलावयास शिकविलें. त्यांतले जटायू नांवाचे लेखक रहस्यकथांत हास्यास्पद चुका करतात व फेलूदा त्या दुरुस्त करतो, त्यामुळें धडधडत्या छातीलाहि मधूनमधून हंसूं फुटतें. निव्वळ हंसायचें असेल, तर ताम्हणकरांचा 'गोट्या' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आहेत. याच प्रभावळकरांनीं दूरदर्शनवर चि. वि. जोश्यांचा चिमणराव उभा केला होता. चिमणराव व गुंड्याभाऊ यांची भाषा आजच्या मुलांस जरा जुनी वाटेल. म्हणून तें पुस्तक जेवणानंतर वडील माणसांनीं मोठ्यानें वाचावें. मुलांच्या आधीं आपणच हंसूं लागतों.

यांत उपयोग काय, असें कोणी विचारील. बारा वर्षांच्या मुलाला ओळीमागून ओळ वाचण्याचे कष्ट पडतात. तीं पानें उलटण्यास त्याला कांहीं कारण हवें. 'पुढें काय झालें' हें त्यांतलें सर्वांत जुनें कारण. रहस्य उकलावयाचें तर चाळीस पानांमागचा बारीकसा धागा ध्यानांत ठेवावा लागतो. विनोद कळावयाचा तर शब्दाचा सरळ अर्थ आणि त्यांतली खोंच हीं दोन्ही एकदम कळावीं लागतात. एवढें मन लावून मूल दुसरें काय वाचतें? मात्र पुस्तक मिटल्यावर "यांतून काय शिकलास?" असें विचारूं नये. तेवढ्या प्रश्नानें गोष्टीचा धडा होतो.

त्या बाईंचा नातू चौथ्याच दिवशीं स्वतः दाराशीं उभा राहिला. "आजोबा, असलं आणखी हाय का?"

त्याला पुढचीं पुस्तकें दिलीं. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' तेवढें मागें ठेवून रात्रीं मीं तें वाचून काढलें, आणि मुलाला फोन लावला. "अरे, त्या पुस्तकाचा शेवट सांगूं का?" कोणतें पुस्तक, असें त्यानें विचारलें नाहीं. तो क्षणभर गप्प राहिला; मग म्हणाला, "नको बाबा. सांगूं नका. पुस्तकच पाठवा."