बिग बाजार कुणी बुडवला?

बिग बाजारचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. एक, "कोरोनाने मारलं." दुसरं, "अंबानी आणि अ‍ॅमेझॉनच्या भांडणात बिचारे बियाणी चिरडले." दोन्हीत थोडंथोडं तथ्य आहे. पण मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हीत निर्णय घेणारी माणसं सहीसलामत सुटतात.

किशोर बियाणींचं कर्तृत्व मोठंच. 2001 साली त्यांनी बिग बाजार काढला. चकचकीत, शांत दुकानात आपला माणूस बिचकतो, त्याला ढीग, गलका, थोडी गर्दी लागते, हे त्यांना अचूक कळलं होतं. 26 जानेवारी 2006 च्या 'सबसे सस्ता दिन'ला तर गर्दी आवरता आवरेना. आमच्यासारख्या कित्येक घरांनी ट्रॉली ढकलत महिन्याचा किराणा भरायला तिथेच सुरुवात केली.

पण गर्दी म्हणजे नफा नव्हे आणि विक्री म्हणजे गल्ल्यात उरलेले पैसे नव्हेत. दुकानं भाड्याची, माल उधारीचा, वाढ कर्जावर. 2012 मध्ये कर्जाचा बोजा उतरवायला पँटालून्सच आदित्य बिर्ला समूहाला द्यावं लागलं. म्हणजे घरातला कमावता बैल विकला. त्यानंतर तरी हात आखडता घ्यावा ना? तर नाही. 2014 ला नीलगिरीज, 2015 ला ईझीडे, 2017 ला हायपरसिटी. खरेदी चालूच.

खरी मेख होती गहाण ठेवलेल्या शेअर्समध्ये. मालक आपल्या कंपनीचे शेअर तारण ठेवून कर्ज काढतो. भाव वर असतो तोवर सगळं छान. भाव पडला की सावकार म्हणतो, आणखी तारण आणा. ते नसलं की तो शेअर ताब्यात घेतो, विकतो, आणि त्याने भाव आणखी पडतो. 2020 च्या सुरुवातीला फ्युचर रिटेलचा शेअर कोसळला आणि नेमकं हेच झालं. लॉकडाऊन आला तेव्हा घराचे वासे आधीच पोकळ होते. वादळ फक्त निमित्त.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट 2019 मध्ये अ‍ॅमेझॉनने फ्युचर कूपन्समध्ये पैसे घातले, आणि दुकानं रिलायन्ससारख्या कंपन्यांना विकायची नाहीत असं करारात लिहून घेतलं. बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट 2020 मध्ये, रिलायन्सशीच 24,713 कोटींचा सौदा जाहीर झाला! मग सिंगापूरचा लवाद, दिल्ली हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. इकडे दुकानांची भाडी थकली. जागामालकांकडून त्या जागा रिलायन्सने घेतल्या आणि फेब्रुवारी 2022 पासून दुकानंही ताब्यात घेतली. एप्रिलमध्ये बँकांनी सौद्याविरुद्ध मत दिलं, तो बारगळला. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि 2024 मध्ये मुंबईच्या एनसीएलटीने ती मोडीत काढायचा आदेश दिला. देणेकऱ्यांचे दावे साधारण 21 हजार कोटींचे.

आता शेजारीच बघा. त्याच मुंबईत, 2002 साली, पवईला डीमार्ट सुरू झालं. गिऱ्हाईक तेच, तूरडाळही तीच. पण राधाकिशन दमानींनी शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकानं काढली, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते केले आणि 2017 पर्यंत, म्हणजे 15 वर्षांत, दीडशेसुद्धा दुकानं केली नाहीत. लोक हसायचे, फार हळू चालतात म्हणून. शेअर बाजारातून पैसे उभारले तेव्हा त्यातला मोठा भाग कर्ज फेडायला वापरला. दुकान चालवायला पगारी माणूस नेमला, नेव्हिल नोरोन्हा. ते पायउतार होणार हे जानेवारी 2025 मध्येच, वर्षभर आधी, जाहीर करून वारसाचं नावही सांगितलं. डीमार्टचंही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण मालकाच्या अंगात आलं म्हणून दुकान रात्रीत बुडणार नाही, एवढी सोय तिथे आहे.

माझा मुद्दा एवढाच. ज्या कंपनीत मालक म्हणजेच कंपनी असते, तिथे "शेठ, आता पुरे" असं म्हणणारा कोण असतो? संचालक मंडळ असतं, स्वतंत्र संचालक असतात, ऑडिटर असतात, कर्ज देणाऱ्या बँका असतात. एवढी सगळी माणसं असून वाढ कधीच थांबली नाही. आणि त्या बँकांमध्ये आघाडीला होती बँक ऑफ इंडिया, सरकारी बँक. म्हणजे पैसा तुमचा-आमचा, मुदत ठेवीतला.

मोठा मालक बुडाला तरी त्याचं घर उभं राहतं. ज्या छोट्या पुरवठादाराचं बिल थकतं, ज्या काउंटरवरच्या मुलीची नोकरी जाते, त्यांच्यावर ना पुस्तक निघत, ना चॅनलवर चर्चा होते.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या उद्योगपतीचं 'व्हिजन' ऐकून भारावून जाल, तेव्हा दोनच गोष्टी तपासा. त्याचे किती शेअर गहाण आहेत, आणि त्याला नाही म्हणू शकेल असं कुणी त्या खोलीत आहे का. पहिली माहिती शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळते. दुसरी बहुतेक वेळा कंपनी बुडाल्यावरच कळते.