गाडी पुन्हा कंपनीची करताना

एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर सामान आवरायचं. तिसाव्या दिवसापर्यंत नोकरी मिळाली नाही, तेव्हा मी गाडी विकायला काढली.

गाडी २०१३ची सायन एफआर-एस. मी घेतली तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "गाडी घ्यायला सायनला कशाला गेलास?" सायन हा टोयोटाचा अमेरिकेतला ब्रँड, २०१६मध्ये बंद झाला. गाडी मात्र जपानमध्ये, सुबारूच्या कारखान्यात तयार झालेली. दोन लिटरचं इंजिन, २०० हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना, आणि गिअर आपल्या हाताने टाकायचे.

या गाडीची एक खोड तिच्या सगळ्या चाहत्यांना माहीत असते. साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या मध्ये तिचा जोर ओसरतो. त्यावर उपाय म्हणजे एक्झॉस्टचा हेडर बदलायचा आणि इंजिनच्या कंप्युटरची ट्यून नव्याने करायची. मी दोन्ही केलं. शिवाय सस्पेन्शन आणि हलकी व्हील्स. आठवडाभर दुसऱ्यांनी उघडलेली तिकिटं बंद करायची आणि शनिवारी स्वतःच्या गाडीचे लॉग वाचत बसायचं. ऑफिसात मी लिहिलेला कोड कुठे जायचा ते दिसायचं नाही. इथे एका टेबलातले चार आकडे बदलले, की फरक थेट पाठीला कळायचा.

गाडी ११,५०० डॉलरची, तिच्यात घातलेले ४,२००. "इतका जीव आहे तर घेऊन ये इकडे," असं पुण्यातला मित्र म्हणाला. पण भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली लागते. माझी दोन्हीत नापास.

जाहिरात टाकल्यावर मेसेज आले. "शेवटचा किती?" हा प्रश्न मंडईत आणि कॅलिफोर्नियात सारखाच विचारतात. शिवाय कळलं, की मॉडिफाय केलेल्या गाडीला जास्त नाही, कमी पैसे मिळतात. आपण घातलेला प्रत्येक पार्ट ही आपली आवड असते आणि घेणाऱ्याच्या लेखी ती जोखीम असते. कोणी बसवला, कसा बसवला, त्यानंतर गाडी किती पिळली, त्याला काय माहीत?

त्यात स्मॉग चेक. कॅलिफोर्नियात खासगी विक्री करताना प्रदूषण चाचणीचं सर्टिफिकेट विकणाऱ्याने द्यायचं असतं. या गाडीत पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच असतो, त्यामुळे माझा हेडर चालणार नव्हता. आणि जुलै २०२१पासून चाचणीत गाडीचं सॉफ्टवेअरही तपासतात. कंपनीचं किंवा मान्यता मिळालेलं नसेल, तर गाडी नापास.

मूळ पार्ट मी खोक्यात जपून ठेवले होते. दोन शनिवार-रविवार घालून ते परत बसवले. मग लॅपटॉप जोडून कंपनीची फाइल टाकली. तीन वर्षांत ट्यूनच्या चाळीसएक आवृत्त्या झाल्या होत्या. त्या पुसायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

सॉफ्टवेअर बदललं की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या शून्यापासून सुरू होतात. त्या पूर्ण होईपर्यंत चाचणीला जाता येत नाही. म्हणून चार दिवस मी ती नुसती फिरवली: सकाळी थंड इंजिन, मग हायवेवर एकसारखा वेग, मग सिग्नल. जोर पुन्हा तिथेच ओसरायचा. गाडी माझ्या नावावर होती, पण माझी उरली नव्हती.

घ्यायला आला तो कॉलेजातला मुलगा, सोबत वडील. वडिलांनी खाली वाकून सगळं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "ट्रॅकवर नेली होती का?"

गाडी आता पूर्ण मूळ रूपात होती. नाही म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. घरभाडं बचतीतून चाललं होतं. मी म्हटलं, "नऊ वेळा." आणि दर वेळच्या ऑइल बदलाच्या पावत्यांची फाइल पुढे केली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि ५०० डॉलर कमी केले. ९,८०० ला ठरलं. सुटे पार्ट वेगळे विकून १,९०० आले. तीन वर्षांच्या शनिवारांचे ४,००० डॉलर पडले. मला ते महाग वाटत नाहीत.

पैसे त्यांच्या बँकेतच घेतले. टायटलवर सही केली. गाडी दिल्यापासून पाच दिवसांत सरकारला तसं कळवायचं असतं, नाहीतर पुढचे दंड आपल्या नावावर येऊ शकतात. मी तिथेच उभा राहून फोनवर फॉर्म भरला. शेजारी मुलगा घुटमळत होता.

"तुझ्या ट्यूनची फाइल देशील?"

"ती त्या हेडरसाठी होती," मी म्हटलं. "या गाडीत टाकलीस तर इंजिनाची वाट लागेल."

त्याचं तोंड उतरलं. मग मी त्याला लॉग कसे वाचायचे ते दाखवलं. वडील गाडीत बसून हॉर्न वाजवेपर्यंत आम्ही पार्किंगमध्येच होतो.