अंजनेरीचा दावा मी सोडला

मारुतीच्या जन्मस्थानाचा विषय निघाला की आम्ही नाशिककर माघार घेत नाही. मीही घेत नव्हतो. अंजनीमातेनं तप केलं ते आमच्या अंजनेरीच्या डोंगरावर, मारुती जन्मला तो तिथंच, आणि सूर्याकडे झेपावताना त्याच्या पायाचा दाब पडून पठारावर तळं झालं, हे ऐकतच आम्ही वाढलो. वरून पाहिलं तर तळ्याचा आकार खरंच पावलासारखा दिसतो. त्यामुळे २०२१च्या रामनवमीला तिरुमला देवस्थानानं तिथला अंजनाद्री हेच जन्मस्थान असल्याचं जाहीर केलं, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. हंपीजवळच्या आनेगुंदीचा दावा तर जुनाच. शासनानं अंजनेरीच्या बाजूनं उभं राहायलाच हवं, असं मी तावातावानं सांगायचो. आता सांगत नाही.

पहिला धक्का मे २०२२च्या अखेरीस बसला. हा वाद मिटवायला नाशिकरोडला साधुमहंतांची धर्मसभा भरली. प्रमाणग्रंथ उघडण्याआधीच कोणी कुठल्या आसनावर बसायचं यावरून वाजलं. पुढे माइक उगारण्यापर्यंत मजल गेली आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ज्या मारुतीनं रावणाच्या भर दरबारात स्वतःची ओळख रामाचा दास अशी करून दिली, त्याच्या नावानं आसनाचं भांडण!

मग मी वाल्मीकी रामायणच काढून बसलो. किष्किंधाकांडात जांबवान मारुतीला त्याच्या जन्माची हकीकत सांगतो. पर्वतशिखर आहे, गुहा आहे, पण अंजनेरीचं नाव नाही. सुंदरकांडात मारुतीचा पिता केसरी गोकर्णाला गेल्याचं येतं, तर उत्तरकांडात त्याचं राज्य सुमेरूवर आहे. एकाच ग्रंथात इतक्या वाटा फुटतात, तर निकाल कोण देणार? झारखंडात गुमला जिल्ह्यातलं आंजन गावही हाच मान सांगतं. लोकांनी रामकथा आपापल्या डोंगरावर नेऊन वसवली, आणि त्यात कोणी कोणाचं काही हिरावलं नाही. आपल्याकडे वेशीवेशीवर मारुती आहे. त्याला जन्माचा दाखला कधी कोणी मागितला?

तरीही दावा सांगण्यात बिघडलं काय, असं वाटायचंच. त्याचं उत्तर डोंगरानं दिलं. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. विष्ठेचे पांढरे ओघळ खालूनही दिसतात. या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. पठारावर पावसाळ्यात एक कंदीलपुष्प उगवतं, गवतात लपून जाईल एवढं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६मध्ये त्याची नोंद केली, ती ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या नावानं. म्हणूनच २०१७ साली हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र झाला. तरी माथ्यापर्यंत गाडीरस्त्याचा प्रस्ताव आला. त्याला विरोध झाला, तर ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवे पुढे आला. दोन्ही वेळी कारण तेच: जन्मस्थान आहे, भाविकांची सोय व्हायला हवी. जो शिक्का मिळवण्यासाठी मी भांडत होतो, तोच डोंगर फोडायचा परवाना ठरत होता.

एक गोष्ट अजून सलते. पायथ्याच्या गावातली तरुण पोरं विचारतात, रोपवे नको तर आम्ही पोट कशावर भरायचं? शहरात राहून डोंगर राखा म्हणायला माझं काय जातं? त्यांचा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर त्याच गावात पडून आहे. यादवकाळातल्या देवळांचे भग्नावशेष तिथं उघड्यावर आहेत, एका जैन मंदिरात ११४१चा शिलालेख आहे. ती देवळं नीट राखली, माहिती सांगायला गावचीच पोरं नेमली, वर जाणाऱ्यांची संख्या बांधून वाटाड्याचं काम त्यांनाच दिलं, तर गावात पैसा येईल आणि कड्याला हातही लागणार नाही.

मारुती अंजनेरीवरच जन्मला, असं माझी आई मानते, आणि मनातून मीही मानतो. पण ते देशाकडून कबूल करून घ्यायची गरज मला उरलेली नाही. तिरुमलाच्या भक्तानं त्याचा अंजनाद्री मानावा, आनेगुंदीकरानं त्याचा. नाशिककरांना एवढंच सांगणं आहे: जन्मस्थानाचा हट्ट सोडा आणि रोपवेला विरोध करा. ज्याच्या पायांत बळ आहे त्यानं चढून जावं. ज्याच्या नाही, त्यानं वेशीवरच्या मारुतीला तेल वाहावं. देव तोच आहे.