विटांच्या फटीतला वारा

त्रिवेंद्रमला गाडीतून उतरलो तेव्हा भर दुपार होती. घामाच्या धारा लागल्या होत्या. चिरंजीवांनी नाशिकच्या नव्या घराचा नकाशा माझ्या सहीसाठी बरोबर दिला होता. सौभाग्यवती त्यानेच वारा घेत होत्या. "आता एक पाऊलही टाकणार नाही," त्यांनी जाहीर केले. सुदैवाने स्टेशनाजवळच लाल विटांचा, पीळ दिलेला एक मनोरा दिसला. ते इंडियन कॉफी हाउस!

आत ना जिना, ना मजले. एकच चढण गोल गोल वर जाते. तिच्या कडेने टेबले आणि बाके पक्की बांधलेली. पागोटेवाल्या वाढप्याने कॉफी आणली. घोट घेता घेता ध्यानात आले, की नकाशाचा पंखा केव्हाच थांबला आहे! भिंतीत ठेवलेल्या फटींतून वारा येत होता; ऊन मात्र बाहेरच अडले होते.

ही किमया लॉरी बेकर यांची. जन्म १९१७ चा, बर्मिंगहॅमचा. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले असता त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घराचे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर जपला.

दुसऱ्या दिवशी उल्लूरची सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही बेकर यांनी उभारलेली संस्था पाहिली. झाड आडवे आले तिथे भिंतीनेच वळण घेतलेले! भिंती बिनगिलाव्याच्या. बेकर विटा कडेवर उभ्या रचत. त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि बाहेरचा ताप आत यायला वेळ लागतो. स्लॅबच्या खालच्या अंगाला, जिथे काँक्रीटचे फारसे काम नसते, तिथे ते जुनी मंगलोरी कौले घालीत.

रात्री नकाशा उघडला. दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत अख्खी काचेची, आणि त्या उन्हाला उतारा म्हणून दोन एअर कंडिशनर! आधी दुखणे विकत घ्यायचे, मग औषध!

चिरंजीवांना फोन लावला. ते म्हणाले, "बाबा, केरळची जाळी नाशिकच्या थंडीत चालेल का?"

"नाही चालणार. जाळी नको, विचार तेवढा घे. ऊन कुठून येते, वारा कुठून येतो, हे आधी पाहा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "सही केलीत?"

"नाही. तुझी आई त्याने वारा घेते आहे."