रेणापूरच्या रस्त्यावर थरथरणारे स्टिअरिंग

लातूरहून रेणापूर वीसेक किलोमीटर. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग ठरलेलीच. आम्ही घेतलेली जुनी गाडी ८० च्या वेगाला थरथरे, सरळ रस्त्यावरही भरकटे. दोनदा अलाइनमेंट केले, फरक नाही. अम्मींना दवाखान्यात न्यायचे म्हणजे जीव मुठीत.

रेणापूरच्या मिस्त्रींनी आधी पुढची चाके मागे टाकली. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली. म्हणजे दोष चाकात. एक रिम वाकलेली होती. मग जॅक लावून चाक हलवले, टाय रॉड एंड सैल निघाला. सैल सांध्यावर अलाइनमेंट टिकत नाही. म्हणून आधी रिम आणि सांधा, मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट शेवटी. थरथर फक्त ब्रेक दाबताना असेल, तर डिस्क तपासावी.

परतताना अम्मी निवांत झोपल्या.